देवाला पुत्र कसा? मुस्लिम मैत्रिणीच्या तीन प्रश्नांविषयी

प्रिय भगिनी,

आपले पत्र मी दोनदा वाचले. आपण पुण्यात परिचारिकेचे शिक्षण घेत आहात आणि वसतिगृहात आपल्याच खोलीत राहणारी रत्नागिरीकडची मुस्लिम मैत्रीण आपल्याला तीन प्रश्न विचारते. देव एकच आहे तर त्याला पुत्र कसा? मूळ इंजील, म्हणजे ईसांचे शुभवर्तमान, पुढे बदलली गेली नाही, हे कशावरून? आणि ज्या ईसांना, म्हणजे तुमच्या येशूला, आम्हीही मानतो, त्या थोर नबीला (प्रेषिताला) देव वधस्तंभावर अपमानाने मरू देईल, हे तुम्ही कसे मानता? आपल्याला नीट उत्तर देता आले नाही, त्या रात्री झोप लागली नाही, आणि आता तिला निरुत्तर करतील अशी वचने आपण माझ्याकडे मागितली आहेत. तिने ईदला घरी बोलावले आहे, तर जावे की नाही, असेही पत्राच्या शेवटी विचारले आहे.

वचने मी देतो, पण ती तिला निरुत्तर करण्यासाठी वापरू नका. गेली तीस वर्षे मी मंडळीत शिकवत आलो आहे आणि त्यांतला बराच काळ सोलापूर व नगर भागातल्या मुस्लिम स्नेह्यांशी याच विषयांवर बोलण्यात गेला आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की समोरचा माणूस नेमके काय नाकारतो आहे, हे आधी समजून घ्यावे. तो जे नाकारतो ते पुष्कळदा आपली मंडळीही पहिल्यापासून नाकारत आली आहे. तेवढे स्पष्ट झाले की खरा मतभेद कोठे आहे हे दिसू लागते, आणि तो झाकून ठेवण्याचे काही कारण उरत नाही.

आपला पहिला प्रश्न साडेबाराशे वर्षांपूर्वी बगदादच्या राजवाड्यात विचारला गेला होता. इसवी सन ७८१च्या सुमारास खलिफा अल्-महदी याने पूर्वेच्या मंडळीचे प्रमुख धर्माध्यक्ष पहिले तिमथी यांना विचारले, की देवाविषयी इतके ज्ञान असणाऱ्या आपल्यासारख्या माणसाने देवाने स्त्रीशी विवाह करून पुत्र जन्माला घातला असे म्हणावे, हे शोभते का? तिमथींनी उलट विचारले, की महाराज, देवाविषयी अशी निंदा कोणी केली आहे? त्यानंतर सूर्यापासून प्रकाश आणि मनापासून शब्द निघतो, त्याप्रमाणे पित्यापासून पुत्र, असे त्यांनी समजावून सांगितले. दोन दिवस चाललेला हा संवाद तिमथींनी स्वतः सिरियाक भाषेत पत्ररूपाने लिहून ठेवला आहे. खलिफाचे समाधान झाले नाही आणि तिमथीही आपल्या श्रद्धेपासून ढळले नाहीत. तरीही प्रश्नातला गैरसमज कोणता आणि प्रश्नातला खरा आक्षेप कोणता, हे त्यांनी पहिल्याच उत्तरात वेगळे केले. आपणही तेथूनच सुरुवात करावी.

आपल्या मैत्रिणीला लहानपणापासून कुराणाची ११२वी सूरा, म्हणजे अध्याय, पाठ असणार. देवाने कोणाला जन्म दिला नाही आणि तो कोणापासून जन्मला नाही, असे ती सांगते. सहाव्या सूरेच्या १०१व्या आयतीत, म्हणजे वचनात, तर त्याला सहचारिणीच नाही, मग अपत्य कसे असेल, असे विचारले आहे. या दोन्ही ठिकाणी जे नाकारले आहे ते आपणही निःसंकोचपणे नाकारावे. देवाला पत्नी आहे, किंवा मरियेशी त्याचा देहसंबंध आला, असे मानणारा माणूस आपल्या मंडळीत बाप्तिस्म्यालाही पात्र ठरणार नाही. हे मैत्रिणीला स्पष्ट शब्दांत सांगा, कारण अनेक मुस्लिम घरांत ख्रिस्ती लोक हेच मानतात असा प्रामाणिक समज असतो आणि त्यामुळे आपले सारे बोलणे त्यांना ईशनिंदेसारखे वाटते.

मराठीत बोलता आहात, तर मराठीचा आधार घ्या. आपण एखाद्याला सह्याद्रीचा सुपुत्र म्हणतो, भूमिपुत्र हा शब्द तर रोज वर्तमानपत्रात वाचतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनात डोंगराच्या किंवा जमिनीच्या लग्नाचा विचार येत नाही. अरबीतही वाटसरूला 'इब्न अस्-सबील', म्हणजे वाटेचा पुत्र म्हणतात आणि हा प्रयोग कुराणात आहे. येथे मात्र सावध राहावे लागते. कुराण फक्त 'वलद', म्हणजे जन्म दिलेले अपत्य, हाच शब्द नाकारते आणि 'इब्न' या शब्दाला त्याची हरकत नाही, असे काही ख्रिस्ती वक्ते सांगतात. ते खरे नाही. नवव्या सूरेच्या ३०व्या आयतीत मसीहाला देवाचा 'इब्न' म्हणणाऱ्यांवरही टीका आहे. अर्धे सत्य सांगून मिळवलेला विश्वास पुढच्या वाचनात गळून पडतो, आणि आपली मैत्रीण आपल्यापेक्षा कुराण अधिक चांगले जाणते.

शिवाय भूमिपुत्राच्या उदाहरणाने गैरसमज दूर होतो, पण आपली श्रद्धा त्यात पूर्ण मांडली जात नाही. पुत्र हे आपल्या दृष्टीने केवळ सन्मानाचे विशेषण नाही. ३२५ साली निकिया येथे जमलेल्या धर्माध्यक्षांनी पुत्र हा 'जन्मलेला, निर्मिलेला नव्हे' आणि पित्याशी एकतत्त्व आहे, असे ठरवले. या जन्माला आरंभ नाही आणि त्याचा देहाशी संबंध नाही. देव कधीही आपल्या शब्दावाचून नव्हता, तसा पिता कधीही पुत्रावाचून नव्हता. योहानाच्या शुभवर्तमानाची पहिली ओळ हेच सांगते. कुराणही ईसांना देवाचा 'कलिमा', म्हणजे शब्द, म्हणते (सूरा ४, आयत १७१). पण तेवढ्यावरून कुराणच येशूचे देवत्व मान्य करते, अशी उडी मारू नका. मुस्लिम भाष्यकार त्याचा अर्थ 'हो', म्हणजे अस्तित्वात ये, या देवाच्या आज्ञेने निर्माण झालेला असा घेतात, आणि तिसऱ्या सूरेची ५९वी आयत त्यांच्या बाजूने बोलते. एकच शब्द दोन्ही घरांत आहे आणि अर्थ वेगळा आहे, एवढे म्हटले तरी बोलणे पुढे जाते.

आता त्रैक्य, म्हणजे एकच देव पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा आहे ही श्रद्धा. येथे मी स्वतः केलेली चूक सांगतो. सेवेच्या पहिल्या वर्षांत सोलापुरात एका वयस्क मुस्लिम कापड व्यापाऱ्याला मी पाणी, बर्फ आणि वाफ यांचे उदाहरण दिले होते. वस्तू एकच, रूपे तीन. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पाळकसाहेब, मग गेथशेमाने बागेत ईसा प्रार्थना करत होते, तेव्हा बर्फ पाण्याला हाक मारत होता का?" माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण त्यांचा आक्षेप बरोबर होता. एकच देव वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी रूपे घेतो, हे मत तिसऱ्या शतकात साबेल्ल्यसाच्या नावाने ओळखले गेले आणि मंडळीने ते तेव्हाच नाकारले. मी ख्रिस्ती श्रद्धा म्हणून जे सांगत होतो ते मंडळीने त्याज्य ठरवलेले मत होते, आणि हे मला एका मुसलमान गृहस्थाने दाखवून दिले. अंड्याचे, त्रिकोणाचे, पती-पिता-पुत्र असलेल्या एका माणसाचे अशी सगळीच उदाहरणे एका बाजूला किंवा दुसऱ्या बाजूला घसरतात. आपल्याकडे आणखी एक मोह असतो, तो म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश किंवा दत्तात्रेयाचा दाखला देण्याचा. तो टाळावा. मुस्लिम ऐकणाऱ्याला त्यातून अनेक देवच ऐकू येतात, आणि हिंदू श्रद्धेचाही तो योग्य वापर होत नाही.

त्यापेक्षा सुरुवात एकत्वापासून करा. येशूला सर्वांत मोठी आज्ञा कोणती असे विचारले, तेव्हा त्याने 'हे इस्राएला, ऐक, आपला देव परमेश्वर एकच परमेश्वर आहे' हेच वचन सांगितले (मार्क १२:२९). जो तीन देव मानतो तो ख्रिस्ती नाही. पाचव्या सूरेच्या ११६व्या आयतीत ईसा आणि त्यांची आई या दोघांना देव मानण्याचा निषेध आहे. मरियेला त्रैक्यातली तिसरी मानणारा ख्रिस्ती पंथ आपल्या मंडळीच्या शिकवणुकीत कधीच नव्हता, हे सांगा. ती आयत मरियेच्या अतिरेकी पूजेविरुद्ध आहे, असा खुलासा काही मुस्लिम अभ्यासक करतात, हेही मान्य करा.

मराठीत आपण 'एक देव, तीन व्यक्ती' म्हणतो. 'व्यक्ती' म्हटले की तीन वेगळी माणसे डोळ्यांसमोर उभी राहतात. अरबी ख्रिस्ती लेखकांनी यासाठी सिरियाकमधून आलेला 'उक्नूम' हा खास शब्द वापरला आणि उर्दू ख्रिस्ती लेखनात आजही त्याचे अनेकवचन 'अकानीम' आढळते. आपल्याला तो शब्द वापरायची गरज नाही, पण 'व्यक्ती' म्हणजे वेगळे अस्तित्व नव्हे, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे तत्त्व, इच्छा आणि सामर्थ्य एकच आहे, हे शब्द वापरताक्षणीच सांगावे. एकत्वाच्या आत काही भेद असू शकतो का, हा प्रश्न मुस्लिम विद्वानांनाही परका नाही. देवाचे वचन निर्मित की अनादी, या प्रश्नावरून नवव्या शतकात खलिफा मामूनच्या काळात विद्वानांची चौकशी झाली आणि अहमद इब्न हंबल यांनी कुराण निर्मित आहे असे म्हणण्यास नकार देऊन तुरुंगवास पत्करला. देवाचे गुण म्हणजे तोच नव्हे आणि त्याहून वेगळेही नव्हेत, असे पुढे सुन्नी विद्वानांनी मांडले. हे त्रैक्य नव्हे आणि तसा दावा करू नका. गुण हे परस्परांवर प्रेम करत नाहीत, पिता व पुत्र करतात. मात्र देवाचे एकत्व हे गणितातल्या एक या आकड्यापेक्षा खोल आहे, एवढे दोघांनाही मान्य करता येईल.

'मी देव आहे, माझी भक्ती करा, असे येशूने कोठे म्हटले?' हा प्रश्न ती पुढे विचारीलच. असे शब्दशः वाक्य शुभवर्तमानांत नाही, हे प्रथम सांगून टाका. मग मार्काचा दुसरा अध्याय तिच्यासोबत वाचा, जेथे येशू पक्षाघाती माणसाच्या पापांची क्षमा करतो आणि शास्त्री मनात म्हणतात, की देवावाचून पापांची क्षमा कोण करू शकतो? त्यानंतर चौदाव्या अध्यायातली प्रमुख याजकासमोरची चौकशी वाचा. जुन्या करारातल्या दानीएल संदेष्ट्याने पाहिलेला मनुष्याचा पुत्र, ज्याची सर्व राष्ट्रे सेवा करतील, तो मीच, असे येशू तेथे सांगतो आणि ते ऐकून याजक आपली वस्त्रे फाडतो. शत्रूंना काय ऐकू आले हे त्यावरून समजते. 'पिता माझ्यापेक्षा थोर आहे' हे योहान १४:२८ ती दाखवील, तेव्हा दचकू नका. फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय सांगतो, की जो देवाच्या स्वरूपाचा होता त्याने दासाचे रूप घेतले. दासाच्या रूपात असलेल्याने असे बोलावे हेच योग्य आहे.

बायबल बदलले, या आक्षेपाला 'तहरीफ' म्हणतात. त्यावर मी थोडक्यात लिहितो, कारण तो खरोखर मनापासून विचारला जातो तेव्हा त्यामागे बहुधा पुढचा तिसरा प्रश्न असतो. १८५४च्या एप्रिलमध्ये आग्र्यात जर्मन मिशनरी कार्ल फँडर आणि मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांच्यात दोन दिवस जाहीर वाद झाला. मौलानांचे सहकारी डॉ. वझीर खान यांनी युरोपातल्याच ख्रिस्ती अभ्यासकांची पुस्तके पुढे ठेवून पाठभेद, म्हणजे निरनिराळ्या प्रतींतल्या मजकुरातले फरक, दाखवले. बायबलच्या प्रतींत असा फरक कोठेही नाही, अशा समजावर श्रोत्यांना उभे केले असल्याने फँडर यांना काही स्थळांची कबुली देणे जड गेले. आपल्यावर ती वेळ येऊ नये. योहानाच्या पहिल्या पत्रातले ५:७ येथील स्वर्गातल्या तीन साक्षीदारांचे वाक्य जुन्या ग्रीक प्रतींत नाही, मार्काच्या शेवटच्या बारा ओवी सर्वांत जुन्या दोन मोठ्या प्रतींत नाहीत, हे आपणहून सांगा. मग हेही सांगा, की हे फरक आपल्याला ठाऊक आहेत ते प्रती पुष्कळ आणि जुन्या असल्यामुळेच. कोडेक्स सिनायटिकस आणि कोडेक्स व्हॅटिकनस या चौथ्या शतकातल्या प्रती आहेत, पौलाच्या पत्रांचे आणि योहानाचे पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरच्या प्रती, सुमारे इसवी सन २०० इतके जुने आहेत, आणि मुहंमद पैगंबरांचा जन्म साधारण ५७०चा. त्यांच्या काळी ख्रिस्ती लोकांच्या हाती जी शुभवर्तमाने होती, तीच आज आपल्या हाती आहेत. पाचव्या सूरेची ४७वी आयत इंजीलवाल्यांना तिच्यातल्या वचनाप्रमाणे निवाडा करण्यास सांगते. ती हाती असलेल्या ग्रंथाविषयीच बोलत असावी, असे मला वाटते.

यातला खोल भेद आणखी वेगळा आहे. आपल्या मैत्रिणीच्या मनात इंजील म्हणजे ईसांवर उतरलेला एक ग्रंथ आहे, जसे मुहंमद पैगंबरांवर कुराण उतरले. आपल्या श्रद्धेत उतरला तो शब्द म्हणजे स्वतः येशू, आणि मत्तय, मार्क, लूक, योहान हे त्याचे साक्षीदार. म्हणून चार शुभवर्तमाने असणे हे आपल्याला भ्रष्टतेचे चिन्ह वाटत नाही. हे समजावून न सांगता पाठभेदांवर तासभर बोललात तरी दोघी वेगवेगळ्या विषयांवर बोलत राहाल.

आता वधस्तंभ. येथे आपला मतभेद खरा आहे. चौथ्या सूरेची १५७वी आयत म्हणते, की त्यांनी त्याला मारले नाही, सुळावर चढवले नाही, त्यांना तसा भास झाला. इतिहासाच्या अंगाने पाहता येशूचा वध ही त्याच्या आयुष्यातली सर्वांत पक्की घटना आहे. पौलाने सुमारे ५५ साली करिंथकरांस लिहिले, की ख्रिस्त मरण पावला, पुरला गेला, उठवला गेला, केफाला (म्हणजे पेत्राला), बारा जणांना व याकोबाला दिसला, हे मला जसे मिळाले तसे मी तुम्हांला दिले (१ करिंथ १५:३-७). रोमन इतिहासकार टॅसिटस यानेही पिलाताच्या काळातल्या या शिक्षेची नोंद केली आहे. येशूऐवजी दुसऱ्याला त्याच्यासारखे केले गेले, या अर्थात किती अडचणी आहेत, हे फख्रुद्दीन राझी या मोठ्या मुस्लिम भाष्यकारानेच तपासले होते. असे मानले तर डोळ्यांनी पाहिलेल्या कशावरच भरवसा ठेवता येणार नाही, ही शंका त्यांनी नोंदवली. अखेरीस ते आयतीशीच एकनिष्ठ राहिले, आणि त्यांना उद्धृत करताना तेही सांगावे.

पण आपली मैत्रीण इतिहासाविषयी विचारत नाही. देव आपल्या प्रिय नबीला वाऱ्यावर सोडील का, असे ती विचारते आहे. या प्रश्नात येशूविषयीचा आदर आहे. त्याचा राग मानू नका. पेत्रानेही नेमके हेच म्हटले होते, की प्रभू, तुझ्या बाबतीत असे न होवो. तिला सांगा, की देवाने त्याला सोडले नाही, तिसऱ्या दिवशी उठवले, आणि फिलिप्पैकरांस पत्र त्याच मरणामुळे देवाने त्याला अत्युच्च केले असे म्हणते. देवाने आपल्या माणसाचा सन्मान राखावा, ही तिची अपेक्षा आपल्या श्रद्धेत पूर्ण होते, फक्त मरण टाळून होत नाही.

यापुढे जो आक्षेप येतो तो मला आजवर ऐकलेला सर्वांत वजनदार वाटतो. एकाचे ओझे दुसरा उचलणार नाही, असे कुराण अनेकदा सांगते. मग निष्पापाला पाप्याऐवजी शिक्षा, हा न्याय कसा? जुन्या करारातल्या यहेज्केलाचा अठरावा अध्याय हेच तत्त्व सांगतो, हे प्रथम मान्य करा. देवाने एखाद्या तिसऱ्याच निरपराध माणसाला पकडून आपले पाप त्याच्यावर लादले असते, तर तो अन्यायच ठरला असता आणि आपल्या मैत्रिणीशी मी सहमत झालो असतो. पौल म्हणतो, की देव स्वतः ख्रिस्तामध्ये जगाचा आपल्याशी समेट करत होता (२ करिंथ ५:१९). ज्याचा अपराध झाला आहे तोच, आपण होऊन, नुकसान स्वतःवर घेतो. क्षमा करणाऱ्या प्रत्येकाला हे थोडेफार ठाऊक असते. कर्ज माफ करणाऱ्या सावकाराच्या घरातून ती रक्कम जातेच. आपल्या पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाची गाठ येथे आहे. येशू देव नसेल तर वधस्तंभ क्रूर आहे, आणि तो देव असेल तरच ते प्रेम आहे. त्रैक्याविषयी मी इतके सविस्तर का लिहिले, ते आता लक्षात येईल.

यातले काहीही सांगताना मुहंमद पैगंबरांविषयी वावगा शब्द काढू नका. गोव्याहून निघालेले येशूसंघी पाद्री रुदोल्फो आक्वाव्हिवा आणि त्यांचे सोबती १५८० मध्ये अकबराच्या फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. धाडस त्यांच्यात पुष्कळ होते, पण पैगंबरांवर कठोर बोलून त्यांनी दरबारातली अनेक मने बंद केली. पुढे आलेल्या जेरोम झेवियर यांनी फारसी शिकून घेतली आणि अब्दुस सत्तार या लाहोरच्या मुस्लिम विद्वानाच्या साहाय्याने १६०२ मध्ये ख्रिस्ताचे चरित्र फारसीत पूर्ण केले. मला या दुसऱ्या मार्गाविषयी फार आदर आहे. आपल्याला आशेविषयी विचारणाऱ्याला सौम्यतेने उत्तर द्यावे, असे पेत्र सांगतो (१ पेत्र ३:१५). ग्रंथधारकांशी बोलायचे ते उत्तम रीतीनेच, असे कुराण सांगते (सूरा २९, आयत ४६). आपल्या खोलीत या दोन्ही आज्ञा एकाच वेळी पाळता येण्याजोग्या आहेत. जे येत नसेल तेथे 'मला विचारून सांगते' म्हणा आणि खरोखर विचारून सांगा. मार्काचे शुभवर्तमान दोघी मिळून वाचा, सोळाच अध्याय आहेत. तिने १९वी सूरा आपल्यासोबत वाचायची इच्छा दाखवली तर तीही वाचा.

ईदला जरूर जा. तिच्या आजी घरी असतील, तर १९व्या सूरेतली मरियमची कथा त्यांना सांगायला सांगा. निर्जन जागी खजुराच्या झाडाखाली प्रसूतिवेदनांनी व्याकूळ झालेल्या, यापूर्वीच मेले असते तर बरे झाले असते असे म्हणणाऱ्या त्या मुलीची हकिगत घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या तोंडून ऐकावी. मध्ये काही सुधारू नका, तुलना करू नका. मग आमच्या लूकाच्या पुस्तकातही मरिया आहे, असे म्हणा, आणि त्यांनी विचारले तर नासरेथच्या घरात आलेल्या देवदूतापासून सांगायला सुरुवात करा.